लीगचं नाव बघायचं की पोराला बर्फावर किती उतरवतात ते बघायचं? ज्युनिअर हॉकीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ज्युनिअर हॉकीबद्दल, म्हणजे अमेरिका-कॅनडात साधारण १६ ते २० वर्षांची मुलं कॉलेजच्या आधी खेळतात त्या आइस हॉकीबद्दल, एक पत्र छापलं होतं आणि तेव्हापासून याच विषयावर इतके मेल आलेत की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच देतेय. माझा मुलगा तीन वर्षं ज्युनिअर खेळला, मध्ये टीम बदलली, आता कॉलेज हॉकी खेळतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं थोडं वाचलेलं आहे आणि बरंचसं घरात भोगलेलं आहे.

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा मुलगा १६ चा आहे, डिफेन्समन, ट्रिपल ए म्हणजे त्याच्या वयोगटातली सगळ्यात वरची क्लब हॉकी खेळतो. ओएचएलच्या एका टीमने ड्राफ्टमध्ये बऱ्याच खालच्या राउंडला घेतलंय, एनएएचएलची एक टीम टेंडर साइन कर म्हणतेय, आणि यूएसएचएलच्या एका टीमने कॅम्पला बोलावलंय. याचे बाबा म्हणतात ओएचएल म्हणजे ओएचएल, विचार कसला करायचा. मला त्याचं कॉलेज हवंय. यातली सगळ्यात चांगली लीग कुठली? — एक आई, मिशिगन

ताई, सगळ्यात चांगली लीग कुठली हे सांगणं सोपं आहे पण त्या उत्तराचा तुमच्या मुलाला फारसा उपयोग नाही, तरी आधी ते सांगून टाकते.

अमेरिकेत टियर वन ज्युनिअर लीग एकच, यूएसएचएल. आयोवा, नेब्रास्का, डकोटा, विस्कॉन्सिन या भागात बहुतेक टीम्स, खेळायची फी नाही, सामान टीमचं, राहायला बिलेट फॅमिली म्हणजे त्या गावातलं एखादं कुटुंब मुलाला स्वतःच्या घरात ठेवून घेतं. तुमच्याच मिशिगनमधल्या प्लिमथची नॅशनल डेव्हलपमेंट टीम पण याच लीगमध्ये खेळते. इथली बहुतेक मुलं डिव्हिजन वनला, म्हणजे कॉलेज हॉकीच्या सगळ्यात वरच्या पातळीला जातात. मॅकलिन सेलेब्रिनी कॅनडाचा असून शिकागो स्टीलकडून इथे खेळला, मग बोस्टन युनिव्हर्सिटीत एकच वर्ष, कॉलेजमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार त्याला २०२४ ला मिळाला आणि त्याच वर्षी एनएचएल या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला गेला. ओएचएल म्हणजे कॅनडातली ओंटारियोची लीग, तीही त्याच तोडीची, खेळ जास्त व्यावसायिक धाटणीचा, सीझनला ६८ मॅचेस, आणि आता तिथून कॉलेजला जाता येतं, त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय. एनएएचएल टियर टू, अलास्कापासून टेक्सस, न्यू मेक्सिको ते मेनपर्यंत तीसच्या वर टीम्स, खेळायची फी नाही पण बिलेटचे पैसे दर महिन्याला आपल्याला द्यावे लागतात.

आता खरी गोष्ट. कॉनर हेलेबक तुमच्या मिशिगनमधल्या हायस्कूल टीमचा गोली. तो यूएसएचएलमध्ये नव्हता, टेक्ससमधल्या ओडेसाला एनएएचएल खेळायला गेला २०११-१२ ला, तिथे त्याला नेटमध्ये उभं राहायला मिळालं, मॅचमागून मॅच, मग यूमास लोवेल हे कॉलेज, २०१२ ला पाचव्या राउंडला १३० वा ड्राफ्ट, आणि २०२५ ला एनएचएलच्या सगळ्यात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी. केल मकार अल्बर्टातल्या ब्रुक्समध्ये ज्युनिअर ए खेळला, मोठ्या ज्युनिअर लीगमध्ये गेलाच नाही, तिथून २०१७ ला चौथा ड्राफ्ट झाला, यूमासला जाऊन २०१९ चा होबी बेकर घेतला. या दोघांची प्रतिभा वेगळीच होती हे मान्य, पण दोघांनाही त्या वयात रोज खेळायला मिळालं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

१६ वर्षांचा डिफेन्समन २० वर्षांच्या पोरांमध्ये गेला की काय होतं ते मी पाहिलंय. सहावा-सातवा डिफेन्समन म्हणून सुरुवात, एक चूक, मग बाकावर, मग सूट घालून वर स्टँडमध्ये. वर बसून मॅच बघणाऱ्या पोराला कुठलाही स्काऊट बघत नाही हो. त्यात अकरावीची शाळा नवी, घर नवं, आणि फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो पण आवाजावरून कळतं की काही ठीक नाहीये.

माझा मुलगा असता तर मी हे केलं असतं. यूएसएचएलच्या कॅम्पला नक्की पाठवलं असतं, पण कोचला तोंडावर विचारायचं, याला या सीझनला तुम्ही कितव्या जोडीत बघता, पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक खेळाडू कमी असताना, उतरवणार का, आणि निवडलेल्या सात डिफेन्समनमध्ये नसला तर त्याला घरी ट्रिपल ए खेळत ठेवून पुढच्या वर्षी घ्याल का. चांगले कोच सरळ उत्तर देतात. गोलगोल बोलायला लागले की समजा. ओएचएलने ड्राफ्ट केलं म्हणजे त्या लीगमध्ये त्याचे हक्क त्या टीमकडे आहेत इतकंच, जायलाच हवं असं काही नाही, खालच्या राउंडचा असेल तर कॅम्पला त्याला खरोखर किती खेळवतात ते बघा. टेंडर साइन केलं तर एनएएचएलमध्ये तो त्या एकाच टीमचा होतो, यूएसएचएलचं दार त्याने बंद होत नाही, म्हणून मला ते वाईट वाटत नाही. पण या वर्षी लगेच पाठवायची घाई करू नका, त्या लीगमध्ये बरीच मुलं १८ ते २० ची असतात.

आणि बाबांना एक काम द्या. ज्या टीमचा विचार चाललाय तिची दोन वर्षांपूर्वीची रोस्टर काढायला सांगा आणि त्यातल्या प्रत्येक डिफेन्समनचं नाव टाकून आज तो कुठे आहे ते वहीत लिहायला सांगा. मी हे एका टीमसाठी केलं होतं, रविवारची अख्खी दुपार गेली. त्यांच्या जाहिरातीत कॉलेजला गेलेल्यांची नावं मोठ्या अक्षरात होती, पण माझ्या वहीत सप्टेंबरच्या यादीतली किती नावं फेब्रुवारीच्या यादीत उरलीच नाहीत तो रकाना भरत गेला, कुणी ट्रेड झालं, कुणाला सोडलं, कुणी घरी परत गेलं. त्या रकान्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या स्काऊटने नाही शिकवलं.

प्रश्न: मुलगा १७ चा, आम्ही ओंटारियोत. आम्ही कायम ऐकत आलो की सीएचएलची एक मॅच जरी खेळली तरी अमेरिकन कॉलेज गेलं. आता म्हणे चालतं. नक्की काय बदललं आणि यात पुढे कुठे अडकणार तर नाही ना? — एक बाबा, ब्रॅम्प्टन

बरोबर ऐकलं होतं तुम्ही. सीएचएलमध्ये म्हणजे ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्युबेकच्या लीगमध्ये एनएचएलशी करार झालेली मुलं खेळतात आणि खेळाडूंना महिन्याला थोडे पैसे मिळतात, म्हणून एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संस्था, त्या लीग्जना प्रोफेशनल धरायची. एखादी प्रदर्शनी मॅच खेळलेला पोरगा पण बाद व्हायचा. ऑगस्ट २०२४ ला बफेलोच्या फेडरल कोर्टात यावरून केस झाली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएच्या डिव्हिजन वन कौन्सिलने नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. अट अशी की खेळाडूला खऱ्या आणि आवश्यक खर्चापेक्षा जास्त पैसे मिळालेले नसावेत. म्हणून भाऊ, प्रत्येक कागद जपून ठेवा, महिन्याचे पैसे, एजंटशी झालेला करार, एखाद्या जाहिरातीचे पैसे, सगळं, आणि काहीही सही करायच्या आधी ज्या कॉलेजशी बोलणं चालू आहे त्यांच्या कंप्लायन्स ऑफिसला लेखी विचारा. कोचच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कोच चांगला असला तरी नियम बघणारं ऑफिस वेगळं असतं.

सीएचएलची स्वतःची शिक्षणाची योजना पण आहे, खेळलेल्या प्रत्येक सीझनमागे एक वर्षाची फी असा साधारण हिशेब. त्यावर कित्येक मुलं कॅनडातल्या विद्यापीठांत शिकली आणि तिथे यू स्पोर्ट्सची हॉकी खेळली. तो रस्ता आजही चांगला आहे आणि आपल्या लोकांत त्याची चर्चा फार कमी होते याचं मला मनापासून वाईट वाटतं. करारात ती रक्कम कधी मिळते आणि कशाने रद्द होते ती कलमं दोघांनी बसून वाचा.

आता दुसरी बाजू. दार उघडलं तसं दारात गर्दी पण झाली. गॅविन मॅकेना मेडिसिन हॅटला डब्ल्यूएचएल गाजवून जुलै २०२५ ला पेन स्टेटला जातो म्हणाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. पण जरा आकडे मांडून बघा. डिव्हिजन वनला पुरुषांच्या टीम्स साठच्या थोड्या वर. एनसीएएच्या २०२५ च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर ज्या कॉलेजांनी ती मान्य केली त्यांची रोस्टर म्हणजे खेळाडूंची यादी जास्तीत जास्त २६ ची. दरवर्षी एका टीमला सात नवी मुलं लागतात असं धरलं तरी सगळ्या मिळून साडेचारशेच्या आसपास जागा, त्यातल्या काही ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून, आलेल्या मोठ्या मुलांना जातात. आणि एकट्या सीएचएलमध्ये २०२५-२६ ला ६१ टीम्स, म्हणजे चौदाशेच्या घरात मुलं. त्यात यूएसएचएल, बीसीएचएल, एनएएचएल वेगळी.

बीसीएचएल म्हणजे ब्रिटिश कोलंबियाची ज्युनिअर लीग तर कित्येक वर्षं कॅनडातून कॉलेजला जायचा राजरस्ता होती, २०२३ ला हॉकी कॅनडा या तिथल्या राष्ट्रीय संस्थेतून बाहेर पडली, २०२४ ला अल्बर्टाच्या पाच टीम्स तिच्यात आल्या, आणि तोच नियम बदलल्यावर तिची सगळ्यात नावाजलेली टीम पेंटिक्टन २०२५-२६ पासून थेट डब्ल्यूएचएलमध्ये गेली. आता कोच एकाच जागेसाठी १८ वर्षांचा होतकरू पोरगा आणि २० वर्षांचा सीएचएलमध्ये तीन सीझन मुरलेला पोरगा शेजारी ठेवून बघतो आणि बहुतेक वेळा दुसरा घेतो.

तुमच्या मुलाला सीएचएलमध्ये पहिल्या तीन लाइनमध्ये (फॉरवर्ड तीन-तीनच्या लाइनने आळीपाळीने उतरतात) जागा मिळत असेल तर जाऊ द्या. चौथ्या लाइनवर पाच मिनिटं मिळणार असतील तर ओंटारियोतलीच ज्युनिअर ए बघा, तिथे पॉवर प्लेला, म्हणजे समोरच्यांचा एक खेळाडू कमी असताना, उतरू द्या त्याला, गोल करू द्या.

प्रश्न: हाय काकू, मी बोललो आणि आईने टाइप केलंय. मी १९ चा, एनएएचएलमध्ये दुसरं वर्ष, फॉरवर्ड. डिव्हिजन वनचं कुणीच फोन करत नाही. दोन डिव्हिजन थ्री कोच फोन करतात पण माझे मित्र म्हणतात थ्रीला गेलास म्हणजे संपलं. अजून एक वर्ष ज्युनिअरचं शिल्लक आहे. काय करू?

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माझा मुलगा याच वयात अगदी हेच बोलायचा, फक्त मोठ्याने नाही, गाडीत खिडकीकडे बघत.

आधी ते "संपलं" काढून टाक. गेल्या काही वर्षांत डिव्हिजन थ्रीची हॉकी बघितली आहेस का तू? होबार्टने २०२३, २०२४, २०२५ अशी सलग तीन वर्षं थ्रीची चॅम्पियनशिप घेतली, त्यांची मॅच लाव आणि स्पीड बघ. तुझ्यासारखीच, दोन-दोन तीन-तीन वर्षं ज्युनिअर खेळून आलेली मुलं असतात तिथे. आणि मिडलबरी, विल्यम्स, ॲम्हर्स्ट, बोडॉइन ही कॉलेजं सगळी थ्रीची, तिथे नुसत्या मार्कांवर ॲडमिशन मिळवायला लोक जिवाचं रान करतात, तुला हॉकीमुळे तिथल्या कोचचा फोन येऊ शकतो. हॉकीची स्कॉलरशिप थ्रीमध्ये नसते हे खरं, पण घरच्या उत्पन्नाप्रमाणे आणि मार्कांप्रमाणे मदत मिळते आणि ती कधीकधी चांगली मोठी असते. हार्वर्ड, येल, कॉर्नेल डिव्हिजन वन असूनही हॉकीची स्कॉलरशिप देत नाहीत, मग? आईबाबांना त्या दोन कॉलेजांकडून अंदाजे खर्च लेखी मागायला सांग, मगच स्वस्त-महाग बोला.

आता डिव्हिजन वनचं. मी ब्लेनच्या शोकेसला गेले होते, मिनेसोटातला तो रिंक, एका छताखाली आठ बर्फाचे रिंक, सप्टेंबरमध्ये एनएएचएलच्या सगळ्या टीम्स तिथे येतात आणि काचेमागे कोच लोक हातात रोस्टरचा कागद आणि कॉफी घेऊन उभे. माझ्या शेजारी एक जण उभा होता, मी मुद्दाम त्याची नजर कुठे जाते ते बघत होते. एका पोराने ब्लू लाइनवर पक घालवला आणि समोरच्यांनी गोल केला. सगळे गोलकडे बघत होते, हा माणूस त्या पोराकडे, तो बेंचकडे परत कसा येतो, काठी आपटतो का, कोचशी डोळा मिळवतो का, आणि पुढच्या शिफ्टला पक परत मागतो का. त्या पोराने मागितला. माणसाने कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही पण मी त्या रात्री मुलाला फोनवर गोलांबद्दल एक शब्द विचारला नाही, एवढंच विचारलं की पक गेल्यावर तू काय केलंस.

तुझं शेवटचं वर्ष वापर, नक्की वापर, पण डोळे उघडे ठेवून. आताच्या कोचला विचार की पुढच्या वर्षी मी पहिल्या दोन लाइनमध्ये आहे का. नसेल तर सीझन संपल्यावर सरळ ट्रेड माग, त्यात लाज नाही. आणि त्या दोन थ्रीच्या कोचना लटकवत ठेवू नकोस. खरं सांग की मला अजून एक वर्ष प्रयत्न करायचाय, तुमच्या कॉलेजमध्ये मला रस आहे, पुढच्या वर्षी जागा असेल का. त्यांना अशी पत्रं रोज येतात, ते चिडत नाहीत. खोटं बोललेलं मात्र लक्षात ठेवतात आणि हॉकीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

मित्रांचं म्हणशील तर, त्यांनी थ्रीच्या कोचचा फोन उचललाय का कधी ते विचार.

प्रश्न: एका टीमने मुलाला मेल केलाय, टियर थ्री, वर्षाची फी हजारो डॉलर, बिलेट वेगळं, वर म्हणतात कॉलेज प्लेसमेंटची हमी. ॲडव्हायजर म्हणतो लगेच डिपॉझिट भरा, जागा जातील. भरू का?

आज भरू नका. हमी हा शब्द दिसला की दोन पावलं मागे या, कॉलेजमधली जागा कॉलेजचा कोच देतो, ज्युनिअर टीमचा मालक नाही.

फी घेणाऱ्या सगळ्या लीग्ज वाईट असतात असं मी म्हणणार नाही. ईएचएल, यूएसपीएचएल प्रीमियर, एनए थ्री एचएल इथून दरवर्षी मुलं डिव्हिजन थ्रीला आणि एसीएचएच्या क्लब हॉकीला जातात आणि ज्याची वाढ उशिरा होते त्याला १८-१९ व्या वर्षी खेळायला जागा मिळते ही मोठी गोष्ट आहे. पण पैसे आपण देतोय म्हणजे आपण गिऱ्हाईक आहोत आणि रोस्टरमध्ये गिऱ्हाइकं जास्त झाली तर टीमचं काहीच बिघडत नाही. आमच्या बाबतीत झालं ते सांगते. पहिल्या वर्षी एका टीमला आम्ही डिपॉझिट भरलं, एप्रिलमध्ये, परत न मिळणारं. ऑगस्टमध्ये कॅम्पला गेलो तर लॉकर रूममध्ये मुलं मावेनात, एकेका हुकवर दोन-दोन बॅगा, आणि प्रत्येकाच्या आईबापाने ते डिपॉझिट भरलेलं. २३ जागा होत्या. आमचा मुलगा दोन आठवड्यांत घरी आला आणि पैसे गेले ते गेलेच.

म्हणून आधी लेखी विचारा: आजपर्यंत किती मुलांनी सही केलीय, रोस्टर किती ठेवणार, मुलाला सोडलं तर उरलेली फी परत किती. आणि ॲडव्हायजरला त्या टीमकडून काही मिळतं का हे सरळ विचारा, भिडस्तपणा करू नका.

प्रश्न: मुलगी १४ ची, गोली. मुलींसाठी यातली कुठली ज्युनिअर लीग?

मुलींचा रस्ता वेगळा आहे आणि खरं तर सरळ आहे. मुलांसारखी २० वर्षांपर्यंत थांबायची पद्धत त्यात नाही, बहुतेक मुली बारावी झाली की थेट कॉलेजला जातात. अमेरिकेत प्रेप स्कूल, १९ वर्षांखालची ट्रिपल ए, किंवा मिनेसोटासारख्या ठिकाणी हायस्कूल टीम, तिथे १९९४-९५ पासून मुलींची हायस्कूल हॉकी आहे. ओंटारियोत असाल तर ओडब्ल्यूएचएलची २२ वर्षांखालची लीग. म्हणजे तिच्याकडे वेळ मुलांपेक्षा कमी आहे, म्हणून नववीपासून गोली कोचिंग आणि मॅचचे व्हिडिओ नीट साठवायला लागा.

प्रश्न: मुलगा दहावीत. हॉकीमुळे शाळा बुडते, ऑनलाइन शाळेत टाकलं तर चालेल का? कॉलेजचे कोच कधीपासून बोलू शकतात?

आधी दुसऱ्याचं उत्तर. मुलांच्या हॉकीत डिव्हिजन वनचे कोच दहावीतल्या १ जानेवारीपासून त्याच्याशी बोलू शकतात आणि तोंडी ऑफर अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी फोन आला नाही म्हणून कुणीही झोप घालवू नका.

शाळेचं मात्र मनावर घ्या. डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ कोअर कोर्स म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स लागतात, त्यात किमान २.३ जीपीए, आणि त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, त्या दहातले सात इंग्लिश, गणित, सायन्सचे. एसएटीची अट २०२३ पासून नाही, त्यामुळे हे मार्कच सगळं. ऑनलाइन शाळा चालते पण त्या शाळेचे ते ठरावीक कोर्स एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरच्या यादीत आहेत का हे ॲडमिशनच्या आधी बघा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा सायन्सचा कोर्स धरलाच नाही आणि ते कळलं बारावीच्या मार्चमध्ये, कॉलेज ठरलेलं असताना. बारावी वेळेत पूर्ण केली तर नंतर फक्त एकच जास्तीचा कोअर कोर्स धरतात, मग पुढे तीन वर्षं ज्युनिअर खेळत बसलात तरी मार्क सुधारत नाहीत. या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरकडे जा, त्याचं आत्तापर्यंतचं ट्रान्सक्रिप्ट काढा आणि पेन घेऊन ते सोळा मोजा.